मारिओची उडी चुकून राहिली, दोष अंगठ्याचा की टीव्हीचा?

महालवाली:
माळ्यावरची जुनी व्हिडिओ गेम काढली. १९९५ च्या उन्हाळ्यात बाबांनी सीताबर्डीहून आणलेली, पिवळ्या कॅसेटवाली. अजून चालते! भाचा बारा वर्षांचा, मोबाइलवर मोठमोठे गेम खेळणारा. वाटलं, दहा मिनिटांत कंटाळेल. तीन दुपारी झाल्या, पोट्टा कूलरसमोरून हलायला तयार नाही. "आत्या, अजून एकदा."

अडचण माझी आहे. मारिओच्या पहिल्या लेव्हलमध्ये चार पाइप संपले की पहिला खड्डा येतो. लहानपणी तो न बघता पार करायची. आता दर वेळी आत. बटण दाबलं की मारिओ जरा थांबून उडतो. टीव्ही नवीन एलईडी आहे. हे माझं वय आहे की टीव्ही?

इतवारी_दुरुस्ती:
ताई, अंगठा बरोबर आहे. जुना डबा टीव्ही आलेला सिग्नल तसाच ओळीओळीने पडद्यावर काढायचा. एलईडी आधी चित्र साठवतो, ताणून मोठं करतो, मग दाखवतो. त्यात सेकंदाचा दहावा हिस्सा गेला, तर सेकंदाला ५० चित्रांच्या हिशोबाने ५ चित्रं मागे. तुम्हाला काठावर दिसतो तेव्हा मारिओ खड्ड्यावर पोचलेला असतो. पिक्चर मोडमध्ये 'गेम' लावून पाहा. नाहीच जमलं तर डबा शोधा.

उडी_मार:
भाचा काहून हलत नाही, ते सांगतो. मारिओ बनवणाऱ्या शिगेरू मियामोतोंनी १९८५ मध्ये या गेममध्ये एका शब्दाचीही सूचना न देता शिकवलं. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून पाय तिकडेच वळतात. मारिओला मोठं करणारं पहिलं मशरूम उजवीकडे घसरतं, पाइपला आपटून तुमच्याकडेच परत येतं. घाबरून पळायला जागा नाही, आणि अंगावर आलं की कळतं, हे तर चांगलं आहे! सगळी गेम ४० किलोबाइटची. ढग आणि झुडूप एकच चित्र, फक्त रंग बदललेला.

आणि तुमचा खड्डा. २०१८ च्या सेलेस्ट नावाच्या गेममध्ये काठ सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात. मारिओ तेवढी सूट देत नाही. म्हणून तो पार झाला की आनंदही पुरा आपला असतो.

महालवाली:
गेम मोडने थोडा फरक पडला. मग मामांकडचा डबा आणला. दोघांनी उचलावा लागला, पण पहिल्याच उडीत खड्डा पार!

आणखी एक लक्षात आलं. लहानपणी मी मारिओचा भाऊ लुइजी, दादा मारिओ. एक मेला की दुसऱ्याची पाळी. सेव्ह नव्हतं, दुपारी लाइट गेली की पहिल्यापासून. तरी भांडण व्हायचं नाही, कारण पाळी नसतानाही बघण्यात तेवढीच मजा होती. बाजूने दिसतं ना सगळं. खड्डा पुढे आहे हे खेळणाऱ्याइतकंच बसलेल्यालाही कळतं. आजी शेवया वळता वळता ओरडायची, "उडी मार बाप्पा!" काल आई तशीच ओरडली, भाच्यावर. मोबाइलच्या गेममध्ये ती कधी डोकावली नव्हती.

इतवारी_दुरुस्ती भाऊ, एका कोपऱ्यात जांभळा डाग दिसून राहिला. निघेल का?

इतवारी_दुरुस्ती:
जवळ स्पीकर ठेवला असेल, चुंबकाने होतं. तो दूर सरकवा. टीव्ही बंद करून अर्ध्या तासाने लावा. दोन-तीनदा केलं की बहुतेक निघतो.