मिशनला जायचं ते प्रीतीनं की आज्ञा आहे म्हणून?

खानापूरकर: गेल्या रविवारी आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, सगळ्या राष्ट्रांना शिष्य करा ही मत्तय २८ मधली येशूची आज्ञा आहे म्हणून सुवार्ता सांगायला जायचं, नाही गेलात तर जाब द्यावा लागेल. मला काय पटलं नाही. लूक १५ मध्ये घर सोडून, पैसे उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट आहे, त्यातला थोरला भाऊ पण हेच बापाला म्हणतो की, इतकी वर्षं चाकरी केली, मला एक करडू तरी दिलंस काय! बापाच्या घरात राहून त्याला बापाची प्रीतीच कळली नाही, मग धाकटा परत आल्याचा आनंद कुठनं होणार? नुसती आज्ञा म्हणून जाणारा माणूस बाप्तिस्मे मोजतो आणि रिपोर्ट पाठवतो, बस्स. योहान देवाबद्दल लिहितो, पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली. सुरुवात तिथनं पाहिजे.

कॅम्पातला: आणि तो बाप घरीच वाट बघत बसला, शोधायला गेला नाही, तसंच करायचं काय? लंडन मिशनचे टेलर १८२० ला बेळगावात आले, १८३२ ला शाळा निघाली, तीच आजची बेनन स्मिथ. इतकी वर्षं शाळा नुसत्या भावनेवर चालते होय? सोमवारी सकाळी जायला मन होत नाही ना, तेव्हा आज्ञाच उठवते.

खानापूरकर: त्याच अध्यायात मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधत जातो की ओ. त्याला कुणी ऑर्डर काढली होती?

निपाणीवाला: मी तुमच्यातला नाही, तरी बोलतो. आईचा पाय मोडला तेव्हा शेजारच्या काकू रोज डबा द्यायच्या, आम्हाला फार बरं वाटलं, आणि तिसऱ्याच दिवशी डब्याबरोबर येशूचं पत्रक आलं. मग डबा कशासाठी होता? २०२१ च्या डिसेंबरात इथंच बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक पास केलं, त्यात धार्मिक संस्थेच्या शाळेतलं फुकट शिक्षणसुद्धा आमिषात धरलं. ते मला पण अति वाटलं, पण लोकांना संशय येतो तो असल्या पत्रकांनीच.

खानापूरकर: पत्रक घेतलं नाही म्हणून डबा बंद झाला काय?

निपाणीवाला: नाही. आईनं पत्रक परत दिलं, डबा दीड महिना आला. खोटं कशाला बोलू.

कॅम्पातला: मग काय तर! त्यांना सगळ्यात मोलाचं जे वाटतं तेच त्यांनी दिलं. सुवार्ता लपवून ठेवली असती तर ती कसली प्रीती?

निपाणीवाला: देऊ नका कोण म्हणतंय ओ, आईला चालायला तरी लागू द्यायचं होतं.