मदत हवी आहे : मायनॉरिटी कॉलेजला फी कमिटी लागू नसते का? (शुक्रवारच्या आत सांगा)

राजेंद्रनगर_इंदूर :
मंडळी, घाईत लिहितोय. मुलीची अॅडमिशन झाली, फी भरली. आता खिडकीवरचा माणूस म्हणतो, ४२,००० 'विकास शुल्क' वेगळं, शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर एनरोलमेंट अडकेल. पावती म्हणे नंतर. भोपाळच्या फी कमिटीचं (खाजगी कॉलेजांची फी ठरवणारी राज्याची समिती) नाव काढलं तर हसला. "आम्ही मायनॉरिटी आहोत, कमिटी आम्हाला लागू नाही." खरं आहे का हे? भरू की नको, एवढंच सांगा.

सराफ्यातला_भुट्टा :
कोर्स कोणता, वर्ष कोणतं, कॉलेज कुठलं? हे सोडून सगळं लिहिलंत.

राजेंद्रनगर_इंदूर :
बी. फार्म., पहिलं वर्ष. नाव लिहिणार नाही, पोरीला तिथेच चार वर्षं काढायचीत.

थोडीफार_वकिली :
मध्य प्रदेशचा २००७ चा कायदा आहे, खाजगी व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेश आणि शुल्कासाठी. २०१६ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तो कायम ठेवला. खटला आपल्या इंदूरच्याच मॉडर्न डेंटल कॉलेजच्या नावाने ओळखला जातो. मायनॉरिटीला सूट आहे ती आरक्षणातून, घटनेच्या कलम १५(५) मध्ये. कॅपिटेशन (प्रवेशासाठी फीच्या वर उकळलेले पैसे) आणि नफेखोरी त्यांनाही चालत नाही, हे २००५ च्या इनामदार निकालात सात न्यायाधीशांनी सांगून टाकलंय. कमिटीच्या वेबसाइटवर कॉलेजवार फी असते. तुमच्या कॉलेजची बघा आणि अर्ज लेखी द्या.

भंवरकुआं_जुना_गडी :
कायदे बरेच आहेत हो. भाच्याच्या वेळी आम्ही गुपचूप भरले, नंतर कुणी त्रास दिला नाही. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात असतात.

थोडीफार_वकिली :
तुम्ही गुपचूप भरलेत म्हणून तर आता यांच्याकडे मागतायत.

भंवरकुआं_जुना_गडी :
तुमची मुलगी नाहीये ना तिथे.

रामबागची_काकू :
आमच्या नातवाला आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) शाळा मिळाली नाही, मायनॉरिटी आहे म्हणाले. तेही खोटंच का?

थोडीफार_वकिली :
नाही काकू, ते खरं. २०१४ च्या निकालापासून अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही. पण इथे कॉलेजचं चाललंय.

पोहे_जिलेबी :
एक शंका. एमपीत आपण मराठी माणसंही भाषिक अल्पसंख्याकच की! २००२ च्या टीएमए पै निकालात अकरा न्यायाधीशांनी म्हटलंय, अल्पसंख्याक कोण ते राज्य धरून ठरवायचं. मग आपलंही कॉलेज निघू शकतं.

सराफ्यातला_भुट्टा :
काढा. आधी गणपतीची वर्गणी तरी पूर्ण जमू दे.

थोडीफार_वकिली :
मूळ प्रश्नावर येऊ. भरलेल्या फीच्या पावतीवर नक्की काय छापलंय?

राजेंद्रनगर_इंदूर :
आत्ता काढून पाहिली. वर फार्मसी कॉलेज असं मोठ्या अक्षरात. खाली अगदी बारीक, '…विश्वविद्यालय का घटक संस्थान'. चष्मा लावूनही दोनदा वाचावं लागलं.

थोडीफार_वकिली :
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं होतं! ते देवी अहिल्या किंवा आरजीपीव्ही या सरकारी विद्यापीठांना जोडलेलं कॉलेज नव्हे, निजी म्हणजे खाजगी विश्वविद्यालयाचाच भाग दिसतंय. मग तक्रार फी कमिटीकडे नाही, भोपाळच्याच निजी विश्वविद्यालय विनियामक आयोगाकडे. मायनॉरिटीचा दर्जा असेल तर त्याचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. नुसतं खिडकीवर सांगून दर्जा मिळत नाही.

भंवरकुआं_जुना_गडी :
आणि शुक्रवारी एनरोलमेंट अडकलं तर आयोग येणार आहे का?

राजेंद्रनगर_इंदूर :
आणखी एक. खिडकीवरच्या माणसाने पैसे भरायला दिलेला क्यूआर स्कॅन करून पाहिला. संस्थेचं नाव येत नाही, कुणा माणसाचं येतं.

सराफ्यातला_भुट्टा :
हे तुम्ही आत्ता सांगताय?

राजेंद्रनगर_इंदूर :
मला वाटलं सगळीकडे असंच असतं. उद्या रजा टाकून जातो. पावतीशिवाय एक रुपया देत नाही. अर्ज हिंदीत लिहू ना? आणि क्यूआरचा फोटो जोडू का आधी जवळ ठेवू?