शहराच्या नळाला दोन-तीन कंपन्या का नसाव्यात?

खारपाणवाला (दर्यापूर तालुका)
आमच्याकडे बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. गावात आरओचा दुसरा प्लांट निघाला आणि २० लिटरची कॅन ३० रुपयांवरून २० वर आली, वर घरपोच. मग अमरावती-नागपुरात नळालाही अशाच दोन-तीन कंपन्या का नकोत? मुंबईच्या उपनगरात विजेची कंपनी बदलता येते, पाण्याचंच काय अडलं?

जुना व्हॉल्वमन
भौ, कॅनवाले दोन, कारन त्याइचे ऑटो दोन. नळाले रस्त्याखाली पाइप एकच. दुसऱ्यानं आपली लाइन टाकतो म्हटलं तर सारं शहर खोदा. बरं, एकाच पाइपात दोघाइचं पानी सोडलं अन् गढूळ आलं, तर कॉलर कोनाची धरसान? विजेले गढूळपना नसते. वरून पानी म्हनजे वजन, १००० लिटरचं एक टन. लांबून चढवून आनलं का पंपाचं बिल बसलं. टाकीखालच्या गल्लीत हांडे वाहून जातात तवा चढावरच्या पुऱ्यात नळ नुसता फुसफुसते. व्हॉल्व अर्धा आटा जास्त फिरला का तिकडच्या बाया भांडाले हजर! कंपनी बदलून चढ थोडीच उतरते?

नागपूर रिटर्न
स्पर्धा होते ती टेंडर भरताना. नागपुरात २०१२ पासून एकाच खासगी कंपनीकडे २५ वर्षांसाठी काम आहे. तेवढ्या मुदतीत ग्राहकाला दुसरं दार नाही. इंग्लंडमध्ये १९८९ मध्ये पाणी खासगी झालं. २०१७ पासून तिथले दुकान-कारखानेवाले बिल देणारी कंपनी बदलू शकतात, घरगुती ग्राहक नाही. आणि पाइप त्या जुन्याच कंपनीचे. पॅरिसने तर २०१० मध्ये कारभार पुन्हा पालिकेकडे घेतला.

खारपाणवाला
म्हणजे एकदा कंत्राट दिलं की २५ वर्षं गप्प बसायचं?

जुना व्हॉल्वमन
गप्प काहून? सही कराच्या आधी भांडा. दर कोन वाढवीन, गळती कोन मोजीन, शेवटच्या घरी प्रेशर किती, हे कागदावर पाह्यजे. अन् तुमच्या कॅनवाल्याइचंही पाहा. नाल्यापलीकडच्या वस्तीत ऑटो जाते का? दहा घरासाठी डिझेल कोन जाळते! टीडीएसचं मीटर बुडवून दाखवतात, पन त्यानं क्षार समजते, जंतू नाही. जंतू तपासल्याचा कागद मागा बरं एकदा.

खारपाणवाला
वस्तीत ऑटो जात नाही, हे खरं. कागद दोघांकडेही मागतो. एक तर आमचा भाऊबंदच आहे, आधी त्याच्याशीच वाजणार.