मदत हवी आहे: अंकॅरिनाला फुलं आली, फळ धरत नाही

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. कुंडीत मादागास्करचं अंकॅरिना वाढवलंय. तिळाच्या कुळातलं झाड, बुंधा रताळ्यासारखा फुगीर, ओली पानं चोळली की भेंडीसारखी बुळबुळीत. तिकडे त्यानं केस धुतात. यंदा वळवानंतर पिवळीधमक, आत गडद गळ्याची फुलं आली आणि सगळी गळून गेली. फळासाठी जीव आसुसलाय! आपल्याकडच्या विंचवी या रानझाडाच्या फळाला दोनच नख्या, याच्या फळावर चहूबाजूंनी काटे आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला उलटे गळ.

बेळगाव-निपाणीकडे कुणाकडे दुसरं झाड आहे का? परपरागण करून बघायचंय. ब्रशनं पराग सकाळी लावावेत का? आणि आपल्या धो-धो पावसात बुंधा कुजू नये म्हणून कुंडी पडवीत घेता का, की पाणीच तोडता?