डब हा संगीतप्रकार की नुसती करामत? (चर्चा)

खर्जप्रेमी
गेल्या शनिवारी बाणेरच्या एका पबबाहेर 'डब नाइट' अशी पाटी दिसली, म्हणून हौसेने आत शिरलो. दोन तास डबस्टेप, म्हणजे जड बेसचं लंडनी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, वाजत होतं. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, अरे, हे डब नव्हे. तो म्हणतो, "सर, बेस आहे ना भरपूर?"

डोकं सणकलं, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं: आधी एक रेगे, म्हणजे जमैकाच्या ढंगाचं, गाणं हवं. मग त्याच्याच ट्रॅकवर कुणीतरी मिक्सरपाशी बसून गायकाचा आवाज काढावा, ड्रम आणि बेस उघडे ठेवावेत, गिटारचा एखादा ठोका प्रतिध्वनीत भिरकावून द्यावा. ते डब. जेकब मिलरचं 'बेबी आय लव्ह यू सो' १९७५ साली लंडनमध्ये निघालं, त्या तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं किंग टबी या जमैकन इंजिनिअरने केलेलं मिक्स, 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन', होतं. मिलरचे दोन-चार शब्द येतात, वाक्य पुरं व्हायच्या आत विरतात, आणि खाली बेस आपला चालतोच आहे. मुळात गाणं होतं म्हणून तर त्या रिकाम्या जागेला अर्थ आहे! ज्यात काही काढलेलंच नाही, त्याला डब म्हणू नये. मंडळी काय म्हणता?

टवाळ
मला वाटलं साऊथच्या पिक्चरबद्दल आहे. :)

बी_साइड
टवाळराव, तुम्ही गमतीत बोललात, पण शब्द तोच आहे. 'डबल' वरून 'डब', म्हणजे दुसरी प्रत काढणे. सिनेमातलं डबिंगही तिथलंच.

आता खर्जप्रेमींना उत्तर. मूळ अर्थच धरून बसायचं असेल, तर डब म्हणजे ना संगीत, ना मिक्सिंग. डब म्हणजे एक वस्तू. साउंड सिस्टीमवाले, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाचाच्या रात्री घडवणारे, स्वतःपुरती एकच मऊ अ‍ॅसिटेटची तबकडी कापून घ्यायचे, ती डबप्लेट. थोड्याच वेळा वाजवली की झिजायची. आणि तुमच्या लाडक्या मागच्या बाजूंवर जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, सर्रास छापलेलं असायचं 'व्हर्शन'. साठच्या दशकाच्या अखेरीस रडी रेडवूड या साउंड सिस्टीमवाल्यासाठी पॅरागॉन्स या गायकमंडळीच्या एका गाण्याची तबकडी कापताना इंजिनिअर आवाजाचा ट्रॅक चालू करायलाच विसरला, रेडवूडने ती तशीच नाचाच्या रात्री लावली आणि लोक आपणहून शब्द गाऊ लागले, अशी गोष्ट सांगतात. त्याला तेव्हा कुणी डब म्हणत नव्हतं.

म्हणजे शब्द वस्तूवरून पद्धतीवर सरकला, पद्धतीवरून प्रकारावर. तुम्ही मधल्याच एका स्टेशनावर उतरून म्हणताय, गाडी इथवरच.

खर्जप्रेमी
गाडीची उपमा छान, पण कुठेतरी उतरावं लागतंच. नाहीतर बाणेरचा तो पोरगाही बरोबरच ठरतो.

उनाड_टेप
खर्जप्रेमी, एक साधा प्रश्न. १९९४ साली मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडचा 'प्रोटेक्शन' आला. तो रेगे अल्बम नाही. पुढच्या वर्षी लंडनच्या मॅड प्रोफेसर या डबवाल्याने तो मोडून 'नो प्रोटेक्शन' केला. गाणं आधी होतं, आवाज काढला, बेस उघडा ठेवला, सगळं तुमच्या व्याख्येप्रमाणे. फक्त 'रेगे' ही अट बसत नाही. डब की नाही?

खर्जप्रेमी
...डब. ठीक आहे, रेगेची अट मागे घेतो. गाणं आधी हवं, ही अट सोडणार नाही.

उनाड_टेप
एक विकेट गेली. :) आता बर्लिन. बेसिक चॅनेलवाले दोघं, टेक्नो म्हणजे यंत्रांवरचं नृत्यसंगीत करणारे, १९९३ पासून. मोडायला गाणंच नाही, पहिल्यापासूनच घुमारा आणि प्रतिध्वनी.

खर्जप्रेमी
आवडतं मला ते. डब नाही. त्याला 'डब टेक्नो' म्हणतात, तेच म्हणा.

ठुमरीचा_भाचा
जरा मध्ये बोलू का? आपल्याकडे या भांडणावर एक शब्द तयार आहे: अंग. ख्याल ख्यालच असतो, पण एखादा गायक तो ठुमरी अंगाने गातो. त्यामुळे ती ठुमरी होत नाही, आणि ठुमरीशी नातंही तुटत नाही. बर्लिनवाल्यांचं टेक्नो हे डब अंगाचं टेक्नो. टबीचं ते खुद्द डब.

दुसरं म्हणजे टबीकडे टेपवर ट्रॅक चारच. रेडिओ-ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा माणूस, किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातल्या घरातच स्टुडिओ. आजच्यासारखं एकेक रेघ माउसने खेचत बसणं नाही. टेप सुरू झाली की हात मिक्सरवर, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली, मोठं फिल्टरचं बटण फिरव, प्रतिध्वनी सोड, तो स्वतःवरच चढायला लागला की आवर. एका दमात. तेच गाणं पुन्हा केलं की वेगळं व्हायचं. याला मी उपज म्हणेन. कुणाला हवं तर हीच व्याख्या घ्या: जिथे मिक्सर वाजवला जातो, ते डब.

बी_साइड
'अंग' मान्य, झकास. पण मग घरी लॅपटॉपवर सावकाश बसून केलेलं डब बाद का? उपजेची अट फार कडक होते.

टेम्सकाठचा
मी वीस वर्षं लंडनात आहे, त्यामुळे जरा वेगळं टोचतं. इथे १९९३ मध्ये एशियन डब फाउंडेशन सुरू झालं, आशियाई मुलांच्या संगीत कार्यशाळेतून. रॅप, जंगल (वेगवान ड्रमचं ब्रिटिश नृत्यसंगीत), दक्षिण आशियाई सूर, सगळं त्यात. खर्जप्रेमींच्या मापाने त्यांचं बरंचसं संगीत डब नाही. पण त्यांनी नावात तो शब्द घेतला तो उगाच नाही, जमैकन शेजाऱ्यांकडून काय घेतलं ते त्यात कबूल केलंय. उलट दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमधून निघालेलं डबस्टेप जगभर फिरलं, आणि आज कितीतरी पोरांना 'डब' हे त्याचंच लघुरूप वाटतं. टबी, ली पेरी, एरॉल थॉम्पसन या जमैकन डबवाल्यांची नावं त्यांनी ऐकलेलीच नसतात. म्हणून व्याख्येत खर्जप्रेमी चुकत असले तरी माझं मत त्यांनाच. नाव ढिलं झालं की आधी किंग्स्टनवाले पुसले जातात.

बी_साइड
हा मुद्दा मात्र वजनदार आहे. तरी मी म्हणेन, पुसलं जातं ते कुणी सांगत नाही म्हणून. व्याख्या आवळल्याने कुणी ली पेरी ऐकायला जात नाही.

टवाळ
हे सगळं वाचून खरंच ऐकावंसं वाटतंय. सुरुवात कुठून करू?

खर्जप्रेमी
आधी जेकब मिलरचं गाणं नीट दोन-तीनदा ऐका. पाठ होऊ द्या. मग मागची बाजू.

बी_साइड
अजिबात नको. आधी मागची बाजू, अंधारात, मोठ्या स्पीकरवर. गाणं आठवड्याने ऐका.

टवाळ
माझ्याकडे मोबाइलचाच स्पीकर आहे.

खर्जप्रेमी
मग बेस ऐकू येणार नाही. मित्राकडे जा.