तांबेरा न येणारा गहू ही थाप आहे का?

खटावकर: "तांबेरा येतच नाही" असं सांगून दुकानदारानं गहू गळ्यात मारला. दोन हंगाम चांगले गेले, तिसऱ्याला पानं तांबडी. प्रतिकारक वाण ही निव्वळ थाप आहे.

कोरेगावचा पाटील: हे वाचून गप्प बसवेना. वाण खोटा नव्हता, तांबेऱ्याची बुरशी बदलली. एकाच जनुकावर उभा असलेला वाण बुरशीचं एक ठरावीक प्रथिन ओळखतो. ते बदललं की पीक आंधळं. राय या गव्हासारख्या पिकातून आलेलं एसआर-३१ हे प्रतिकारक जनुक जगभरच्या गव्हात होतं, युगांडातल्या यूजी-९९ या तांबेऱ्याच्या नव्या प्रकारानं ते मोडलं. एलआर-३४ हे दुसरं जनुक तांबेरा थांबवत नाही, फक्त वाढ मंद करतं, पण दशकानुदशकं टिकलंय. अशी दोन-तीन जनुकं एकत्र हवीत. महाबळेश्वरच्या संशोधन केंद्रात तांबेऱ्यावर इतकी वर्षं काम चाललंय, ते उगाच नाही.

खटावकर: म्हणजे थोडा तांबेरा सोसायचा? उतारा घटला तर भरून कोण देणार?

तासगाव द्राक्ष: गहू राहू दे राव. आमची द्राक्षबाग डॉगरिज खुंटावर, म्हणजे त्याच्या मुळांवर कलम केलेली आहे. खुंट जंगली, मग पानाघडांवर डाऊनी बुरशी का येते? सल्लागारानं खुंटाचं कौतुक केलं, अवकाळीत घड जळाले तेव्हा फोन उचलला नाही.

पाटील: दादा, खुंट क्षाराला नि पाण्याच्या ताणाला तोंड द्यायला. पानातल्या पेशीत जनुकं वर कलम केलेल्या थॉम्पसन द्राक्षाचीच, मुळातला प्रतिकार पानात चढत नाही.

तासगाव द्राक्ष: बाग केलीय का कधी? रात्री पाऊस पडला की पहाटे फवारणीचा ब्लोअर जोडावा लागतो, मग कळतं.

पाटील: बाग नाही केली, म्हणून पेशी बदलत नाहीत! थॉम्पसन काडीनं वाढवलेली, पिढ्यानपिढ्या तीच वेल. डाऊनी अमेरिकेतली, युरोपच्या वेलीनं ती १९ व्या शतकापर्यंत पाहिलीच नव्हती. अमेरिकन वेलीतलं जनुक संकरानं आणता येतं, पण थॉम्पसनची चव परत यायला कित्येक पिढ्या जातात.

तासगाव द्राक्ष: तोवर फवारणीचं बिल आम्हीच भरायचं. खुंटाचं पटलं, पण हे विकताना कुणी सांगितलं नाही.

खटावकर: मलाही एका जनुकाचं पटलं, नाइलाजानं. मग पिशवीवर छापा ना, आत कोणतं जनुक आहे ते!

पाटील: ही मागणी रास्त आहे. लेखी द्या, मी सही करतो.