घोडी जमीन उकरते आणि कुशीकडे पाहते : रुसवा की पोटशूळ?

प्रश्न
सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली आमची सहा वर्षांची घोडी तीन दिवस शांत होती. आज दुपारपासून मात्र ती पुढच्या पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे पाहते आणि बसली की लगेच उठते. जागा नवी असल्यामुळे ती रुसली आहे, असे घरच्यांचे मत आहे. पूर्वीच्या मालकाकडे ती नुसत्या कडब्यावर होती. आम्ही कौतुकाने पहिल्याच दिवसापासून दोन्ही वेळा भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी सुरू केली. शेजारी गोडेतेल पाजायला सांगतात. पाजावे काय?

उत्तर (पशुवैद्यक)
तेल मुळीच पाजू नये. बाटलीने पाजलेले तेल श्वासनलिकेत उतरले, तर पोटाच्या दुखण्यात फुप्फुसाच्या दुखण्याची भर पडते. गरज असल्यास डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून औषध देतात. आपण लिहिलेली लक्षणे रुसव्याची नसून पोटशुळाची आहेत, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने जठरात साठलेल्या वायूला व पाण्याला वर वाट नसते. तेव्हा डॉक्टरांना आत्ताच बोलवावे, चंदी आणि वैरण उचलून ठेवावी आणि जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटे टेकवून नाडी मोजावी. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर गेली, तर फोनवर तसे स्पष्ट सांगावे. हिरडी दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते का, आणि शेवटची लीद केव्हा पडली, हेही सांगावे.

उत्तर (घोडे पाळणारा)
लोळू लागली तर हळू चालवावी, पण दमेपर्यंत फिरवू नये. आमच्या वडिलांच्या वेळी हीच चूक फार होई. थंडीत हौदातले गार पाणी घोडी कमी पिते आणि लीद सुकते, म्हणून गोळे फोडून पाहावेत. आमच्या घोड्याचे गोळे लहान, कडक आणि वर चिकट पापुद्रा असलेले निघाले होते.

प्रश्नकर्ता
नाडी ५२ भरली. डॉक्टरांनी नळी घातली, इंजेक्शन दिले. पहाटे लीद पडली. चंदी पुन्हा कशी सुरू करावी?

उत्तर (पशुवैद्यक)
आपले डॉक्टर सांगतील तेव्हाच, मूठभरापासून, आणि पूर्ण मापाला दहा दिवस लावून. मोठ्या आतड्यातले जिवाणू नव्या खाद्याला सरावायला तेवढा वेळ घेतात.